पडद्याआडची कारागीर

स्नूकरचे क्यू, म्हणजे खेळायच्या लांब काठ्या, दुरुस्त करणारं ते दुकान म्हणजे पुढे काउंटर, मागे एक कोंदट खोली आणि मधे टेबलाच्या जुन्या हिरव्या कापडाचा पडदा. काउंटरवर मिस्त्री बसत. आत त्यांची बायको. तिला सगळं गिऱ्हाईक वहिनी म्हणे. मिस्त्रींच्या हातासारखा हात नाही, असं शहरभर बोललं जाई. तो हात सहा वर्षांपासून वहिनीचा होता, हे मात्र त्या दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

मिस्त्रींच्या हातांना कंप सुटला तेव्हा आधी ती नुसती क्यू धरून उभी राहायची. मग "जरा तू फिरव" आलं, मग "तूच लाव". आणि एक दिवस मिस्त्री आतल्या स्टुलावरून उठून काउंटरवर जाऊन बसले ते बसलेच. हात कायम खिशात.

आतल्या खोलीला खिडकी नव्हती. वितळलेल्या गोंदाचा आणि करपलेल्या पॉलिशचा वास तिच्या केसांत बसला होता. परगावी मोठी बहीण गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पडली होती. "आठ दिवस ये गं," असं फोनवर म्हणून म्हणून ताई आता म्हणायचीही थांबली होती. वहिनी जाणार कशी? ती गेली की काम बंद, आणि काम बंद पडलं की लोक विचारणार, मिस्त्री तर इथेच आहेत, मग अडलंय कुठे?

नवरा दुष्ट असता तर एकदाची भांडून मोकळी झाली असती. पण रोज संध्याकाळी तो तिच्या अवघडलेल्या मानेला मलम चोळून द्यायचा, त्याच थरथरत्या हातांनी. तिथेच तिचं भांडण विरून जायचं.

एका दुपारी ड्रॉइंग मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले, खेळात पक्के आणि नजरेचे त्याहून पक्के.

"मिस्त्री, फटका मारला की मधे टक करून वाजतंय बघा."

क्यूचे दोन तुकडे मधोमध एका पितळी जोडाने एकमेकांत पिळून बसतात. मास्तरांच्या क्यूचा जोड आतून सुटला होता. तो काढून नवा घालायचा होता.

"ठेवून जा. उद्या संध्याकाळी या," मिस्त्री म्हणाले.

"छे! मागे दुसरीकडे टाकला तर लाकूड जाळून हातात दिलं. मी इथेच बसतो. माझ्या डोळ्यांदेखत करा."

मिस्त्रींनी चहा विचारला, वीज जाईल म्हणून सांगितलं, गोंद संपलाय म्हणून सांगितलं. मास्तर ढिम्म हलले नाहीत. शेवटी मिस्त्री पडद्याआड आले.

"काय करू गं?"

"खरं सांगा."

त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने निमूटपणे स्पिरिटचा दिवा त्यांच्या हातात दिला.

पडद्याच्या फटीतून ती बघत राहिली. पितळ तापवायचं ते बेताने. आतला गोंद मऊ झाला पाहिजे, पण लाकडाला झळ लागता कामा नये. मिस्त्रींच्या हातातली ज्योत पितळावरून लाकडाकडे आणि लाकडावरून पितळाकडे नाचत होती. मास्तर पुढे वाकले. लाकडाच्या कडेचं पॉलिश फुगायला लागलं.

"अहो, डॉक्टरांचा फोन आलाय!" ती आतून खोटंच ओरडली.

मिस्त्री जवळजवळ पळतच आत आले. वहिनी बाहेर गेली.

"थंड झालं तर पहिल्यापासून करावं लागेल," ती मास्तरांना म्हणाली. "ते येईपर्यंत मी नुसतं गरम ठेवते."

पण गोंद काही मिस्त्रींची वाट बघणार नव्हता. ठरावीक क्षणी पितळाच्या कडेला गोंदाचा एक बारीक बुडबुडा फुटला, आणि तिच्या हातांनी तिला न विचारताच रबर गुंडाळलेली पक्कड उचलली, जोड धरला, अर्धा वेढा उलटा, मग पूर्ण, मग अलगद बाहेर. लाकडाचा खुंट कुठेही न करपता शाबूत निघाला. तिने ब्लेडने जुना गोंद खरवडला, नवा जोड गोंद लावून बसवला, एक डोळा मिटून क्यू सरळ आहे का ते पाहिलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण बाहेर, उजेडात बसलोय.

मास्तर तिच्या बोटांकडे बघत होते. नंतर त्यांनी पडद्याशी येऊन उभ्या राहिलेल्या मिस्त्रींच्या खिशांकडे पाहिलं.

"मिस्त्री," ते सावकाश म्हणाले, "वहिनींना बरं तयार केलंत."

"हो... हाताखाली घेतलंय थोडं," मिस्त्री म्हणाले.

वहिनी उठून आत गेली.

त्या संध्याकाळी मलमाची डबी तिने बाजूला सारली. "मास्तरांना कळलंय. आता लपवायचं कशाला? उद्यापासून मी पुढे बसून काम करते."

मिस्त्रींनी ती डबी उचलून हातात घेतली. मग म्हणाले, "मग मी कुठे बसू?"

तिने सहा वर्षांत मनातल्या मनात हजार भांडणं भांडून ठेवली होती, पण या प्रश्नाचं उत्तर त्यांत नव्हतं. हे काही त्यांनी तिला गप्प करायला विचारलं नव्हतं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. तिने मान पुढे केली, आणि त्यांनी डबी उघडली.

दुसऱ्या दिवशी गोंद वाळल्यावर तिने आत बसून पितळ कानशीने लाकडाच्या बरोबरीला आणलं. मास्तर आले तेव्हा मिस्त्री काउंटरवर त्यांना सगळं समजावून सांगत होते, किती तापवलं, किती थांबलो. मास्तर "हो हो" म्हणत ऐकत होते. त्यांनी क्यू काउंटरच्या काचेवर लोळवून पाहिला आणि गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाले, "एक नंबर काम झालंय!"

"पहिले दोन दिवस जोर लावून पिळू नका," पडद्याआडून वहिनी बोलून गेली.

मिस्त्री खाकरले.

"ऐकलंत ना?" ते मास्तरांना म्हणाले. आणि मग पडदा जरासा बाजूला करून त्यांनी पुढचा क्यू आत सरकवला.