दोनदा उजवा कौल

आमच्या अण्णांना एकच डोळा होता. दुसरा तरुणपणीच गेला. वडगावात मागाजवळ उभे असताना धागा नेणारा धोटा उडाला आणि नेमका डोळ्यात बसला. उरलेल्या एका डोळ्यावर माझ्या बापानं आम्हा तिघा भावंडांची शिक्षणं केली, शेकड्यांनी साड्या विणल्या आणि आईच्या तांदळातले खडेसुद्धा काढून दिले.

मग त्याच डोळ्यात मोतीबिंदू पिकला. तुटलेला धागा ते बोटांनी चाचपून जोडायला लागले. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका. पण अण्णांची रोज नवी सबब. आधी मागावरचा हा बीम संपू दे, मग दसरा होऊ दे. शेवटी म्हणाले, "रवळनाथाला कौल लावल्याबिगर मी न्हाय जायाचा."

मी शाळेत गणित शिकवायची, आणि स्वभावानं तापट. कौल म्हणजे काय, तर देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघत बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. म्हणजे माझ्या बापाला दिसणार की नाही हे एक पाकळी ठरवणार! माझं डोकंच फिरलं. मी सरळ गावच्या गुरवमामांना फोन लावला. "मामा, काहीही करा, उजवी पाडा. डावीला जरा पाणी जास्त लावा."  ते नुसतं "बघतो" म्हणाले आणि फोन ठेवला.

आमचं मूळ गाव खानापूरकडचं. अण्णांना स्कूटरवर मागं बसवून मी घेऊन गेले. वाटभर त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता आणि प्रत्येक वळणाला "हळू गं, हळू" चाललं होतं. देवळात गुरवमामांनी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली. अण्णा म्हणाले, "परत लावा." परत उजवीच.

अण्णा बाहेर पायरीवर येऊन बसले आणि रडायला लागले. बापाला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "डावी पडंल म्हणून आलतो गं," ते म्हणाले. "देवच नगं म्हणाला असता तर सुटलो असतो. ह्यो बी डोळा गेला तर मी काय करू? लई भ्या वाटतंय."

 पाणी आणते म्हणून मी नळाकडं गेले. परत आले तेव्हा गुरवमामा त्यांच्याशेजारी बसून हळू आवाजात काहीतरी सांगत होते. मला बघितल्यावर ते उठून आत गेले.

घरी आल्यावर अण्णांनी स्वतःहून तारीख ठरवायला सांगितली. गल्लीत कुणी विचारलं तर म्हणायचे, "देवाचं म्हणणं हाय, जायाचं." रात्रीचं जेवणही नीट जायला लागलं त्यांना. माझं मात्र जेवण उडालं. तो डोळा वाचला नाही तर? ज्या होकारावर हा माणूस एवढा निर्धास्त झाला, तो मीच फोनवरून ठरवला होता. गुरवमामांना मधे घातलं, अण्णांना फसवलं, आणि आता देवाकडं जायची सोयही उरली नव्हती.

ऑपरेशनच्या सकाळी अण्णांना हिरवा झगा घालून बाकावर बसवलं होतं. नर्सनं दारातनं "बर्री अज्जा", या आजोबा, म्हणून कानडीत हाक मारली. ते उठले, आणि मला राहवेना. मी त्यांचा हात धरला. "अण्णा, थांबा. तो कौल खोटा होता. मीच मामांना सांगितलं होतं."

अण्णा हसले. "ठावं हाय मला. गुरवानं तवाच सांगितलं, पायरीवर. देवाच्या दारात लपवायला त्याला जमंना."

"आणि तरी आलात?"

"व्हय. तितंच देवाला म्हटलं, पाकळीचं ऱ्हाऊ दे आता. माझं भ्या तुझ्यापाशी ठेवून जातो, मला काय ते पेलंना. आन् पोरगी माझ्यासाठी येवढी धडपडायला लागलीया, ती बी तूच धाडली असशील की."

एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातनं हात सोडवून घेतला आणि नर्सच्या आधारानं आत गेले.

डोळा चांगला झाला. पुढं सहा-सात वर्षं अण्णांनी माग चालवला, माझ्या मुलीच्या लग्नातली साडी स्वतः विणली. आता ते नाहीत, मागही विकला. सकाळी शेजारचे माग सुरू झाले की मला त्यांची फार आठवण येते, हातातला चहा गार होतो. पण सगळ्यात जास्त आठवतो तो दवाखान्यातला बाक. दार बंद झाल्यावर मी तिथं एकटीच बसले आणि हात जोडले. काही मागायला तोंडच नव्हतं मला. एवढंच म्हटलं, "आमचे अण्णा आत आलेत. बघ."