मेन स्विच पाडल्यावरही पळणारे मीटर

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता व आजही नाही, हे प्रथमच नमूद करतो. कर्जतला तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. पुराव्यावाचून मी काहीही मानीत नाही.

गेल्या उन्हाळ्यात कडावच्या आनंदीबाई सुनेला घेऊन आल्या. यजमान वारल्यापासून दोन म्हशींवर त्यांचे घर चालते. न विचारता स्मार्ट मीटर बसविले गेले आणि बिल फुगले.

"भरलं नाय तर हापिसात बसूनच लाइट तोडतील. वायरमन दारात आला असता तर त्याच्या पाया पडले असते. आता कुनाच्या पडू? मशींचं पानी मोटरीवर हाय!" आनंदीबाई म्हणाल्या.

सुनेने मोबाइल दाखविला. रोज पहाटे, धारेच्या वेळी, वापर एकदम चढलेला. जुन्या मीटरला वेळ कळत नसे, ह्याला कळते. त्या वेळी घरात फक्त एक दिवा असतो... आनंदीबाईंचा दीर शेजारीच राहतो; तो त्यांच्या मीटरवरून चोरून वीज घेत असावा, असा मला तात्काळ संशय आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे कडावला जाऊन, त्याला समोर उभे करून मी आनंदीबाईंच्या घरचा मेन स्विच पाडला.

"बघा भाऊसाहेब, दोनी हात मोकळे हायत," दीर म्हणाला. "आता लिवा मला चोर!"

तरीही वापर दाखविणारा मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकतच होता. मीटरपासून स्विचपर्यंतची वायर तपासली — जोड कुठेही नाही. तोच गोठ्यात दोन्ही म्हशी उठल्या आणि रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून रेकू लागल्या. तेथे पूर्वी चारा कापण्याचे विजेवरचे कुट्टी मशीन होते. यजमानांनंतर ते विकले गेले.

"ऐकलंस गं? आदी कुट्टी, मग धार... त्यांची रीतच ती," आनंदीबाई म्हणाल्या.

"आई, मला काय पन ऐकू नाय आलं."

मलाही नाही.

वीज कचेरीचे उत्तर एकच — मीटर बरोबर आहे. मी जोरदार अर्ज लिहिला. अंगठ्यापूर्वी वाचून दाखविणे हा माझा शिरस्ता. "सदर वापर आमचा नाही" येथे येताच बाईंनी हात मागे घेतला.

"ह्ये काडा. त्यांचा हाय, म्हंजी आमचाच."

"अहो बाई, मग तक्रार काय उरली?"

"नका लिवू मग."

बिलापायी एक म्हैस विकली गेली. कंपनीवरचा माझा संशय कायम आहे; परंतु बिघडलेले मीटर जनावरांना कसे उठविते, हे मला कोणीही सांगू शकलेले नाही. सून सांगते, उरलेली म्हैस अजूनही पहाटे त्या कोपऱ्याकडे वळते... आणि आनंदीबाई धारेला बसण्याआधी थोडा वेळ थांबतात.