जावईबापू, आ करा

माणसाच्या तोंडाची इतकी कदर करणारा गृहस्थ अख्ख्या नगर जिल्ह्यात माझ्या बायकोच्या मामांसारखा दुसरा झाला नाही. तोंडातून काय बाहेर पडतं याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. आत काय आहे ते त्यांना बघायचं असे. मामा काष्टीच्या बैलबाजारातले दलाल. दर शनिवारी बैलांचे ओठ वर करून दात मोजायचे आणि रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबून भाव ठरवायचा, यात जन्म गेलेला. एका लग्नात त्यांनी नवरदेवाचं हसू बघून, बैलाचं वय सांगावं तसा भर पंगतीत निकाल दिला होता, "सहादाती हाय, अजून भरंल." तो नवरदेव मी.

पुढे त्याच तोंडाने मला दगा दिला. मी शाळामास्तर, आणि तंबाखूशिवाय माझा फळ्यावर हात चालत नसे. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली गालात आतून कॅन्सर निघाला. मुंबईला ऑपरेशन झालं, मग विजेचे शेक घेतले. रोग गेला, पण जबडा असा आखडला की जेमतेम एक बोट आत जाई. रोज व्यायाम करा, तीन बोटं मावली पाहिजेत, तंबाखू बंद, दर तीन महिन्यांनी तपासणीला या, असं बजावून डॉक्टरांनी घरी पाठवलं. घरी आलो तर शेजारपाजारचे रस्त्यातूनच "बरं हाय ना मास्तर?" विचारून सटकू लागले. चहाच्या दुकानात माझा कप वेगळा निघाला. मीही मग दार लावून पेज पीत बसलो.

मामांना हे कळलं आणि ते लिंबाच्या चपट्या काड्या तासून घेऊन हजर झाले. "जावईबापू, आ करा." जावयाला अहो-जाहो करत त्याच्या तोंडात बोटं घालणारा मामेसासरा मी तरी दुसरा पाहिला नाही. काड्या दातांत धरून माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. दीड बोटावर पुरे म्हणालो की ते म्हणायचे, "डाक्टरनं तीन सांगितल्यात. तिनाच्या खाली उठायचं न्हाई." आणि निघताना माझ्याच पेल्यात उरलेलं पाणी ओसरीवर उभं राहून, साऱ्या आळीला दिसेल असं घटाघटा प्यायचे.

एका शनिवारी मला बाजारात नेलं. दुष्काळात बैलाला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून माझ्याभोवती गर्दी जमली. मामा म्हणाले, "बगा, मुंबईस्नं नीट करून आनलंय." तेवढ्यात एका व्यापाऱ्याने सवयीने माझा ओठ वर केला आणि म्हणाला, "जुळलाय की." आठही दात पुरे झालेल्या बैलाला तसं म्हणतात. संतापून मी ओरडायला गेलो, तर मामांनी चटकन बोटं घालून जाहीर केलं, "अडीच." मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्या दिवशी चहा मी चारचौघांत बसून प्यायलो. पुढे तोंड आलेली माणसं गुपचूप मामांकडे यायला लागली. मामा त्यांच्या हातावर रुमाल टाकून बोलत बसायचे. बाजाराला वाटे, सौदा चाललाय. अशी चार-पाच माणसं त्यांनी मुंबईला धाडली.

मग वर्षाने माझ्या मानेला गाठ लागली. तपासणीला जायचं नाही म्हणून मी हटून बसलो. न गेलं तर निदान कळणार तरी नाही, हे माझं शहाणपण. मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही. मामांनी त्या दिवशी घासाघीस केली नाही. म्हणाले, "तुमची मामी मशेरी लावायची. गाल दुखतोय म्हनून ती बोलली न्हाई, मी इचारलं न्हाई. त्यातच गेली. साऱ्या बाजाराची दातं मोजली जावईबापू, पर घरच्या बाईला कदी आ कर म्हनलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. तो सोडून ते माझ्याबरोबर गाडीत बसले. डॉक्टरांनी मान दाबून पाहिली, सुई घातली, आणि दोन दिवसांनी सांगितलं, काही नाही, शेकाने आतलं मांस घट्ट झालंय. आता सहा महिन्यांनी या. "सहा न्हाई सायेब, तीन म्हना," मामा म्हणाले. शेवटी चारावर सौदा ठरला. बाहेर आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून बराच वेळ नाक शिंकरत राहिले.

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तुम्ही यायची गरज नाही, असं डॉक्टरांनी मला केव्हाच सांगितलंय. तरी वर्षातून एकदा मी दौंडला मुंबईची गाडी धरतो. तपासून झालं की बाहेरच्या बाकावर जो एकटा आलेला दिसेल त्याच्याशेजारी जाऊन बसतो. किती बोटं मावतात, ते विचारतो. मला घाई नसते.