बायकोचे मामा आणि काचेआडच्या बंदुका

माझ्या बायकोच्या मामांइतक्या जुन्या बंदुका बघितलेला आणि त्यातली एकही विकत न घेतलेला माणूस अख्ख्या अमिरातीत दुसरा सापडणार नाही. मामा जबल अलीतल्या एका गोदामात स्टोअरकीपर होते, दुबईच्या देऱ्यात चौघांच्या खोलीत राहायचे. हा नव्वदच्या दशकाचा शेवटचा काळ. शुक्रवारी संध्याकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, मानेला अत्तर लावून ते निघाले की खोलीतली पोरं म्हणायची, "मामा मुलगी बघायला चालले!" खोटं नव्हतं ते. शहराबाहेरच्या एका अवाढव्य दुकानात तंबू, गळ आणि शिकारी ससाण्यांच्या डोळ्यांवर चढवायच्या टोप्या ओलांडून गेलं की शेवटी संग्राहकांसाठीच्या जुन्या दुनळ्या काचेत मांडलेल्या असत. मामा प्रत्येकीचं घराणं, वय, आधीची सासरं विचारत. एकदा मला किंमत विचारायला लावली. "नऊ हजार दिरहम, म्हणजे लाखाच्या वरच की हो जावईबापू!" असं म्हणून मुलगी पसंत नसल्यासारखं तोंड वाकडं करून पुढे सरकले. मामांकडे परवाना नव्हता, आणि मिळण्याचा संभवही नव्हता. तरी तिथला केरळी सेल्समन त्यांना खुशाल बंदुका हाताळू द्यायचा, कारण त्याला त्यांची थोडी भीतीच वाटायची.

तसं कारणही होतं. मामा बंदूक नाकाशी नेत, डोळे मिटत आणि सांगत, "ही समुद्राकाठी नांदलीय." सेल्समन कागद काढून बघायचा, तर खरंच ती कुठल्यातरी बंदरातून आलेली. एकदा म्हणाले, "हिचा मालक डावखुरा." दस्ता पाहिला, तर डाव्या गालाच्या बाजूने झिजलेला. मी हसण्यावारी नेत असे, पण परतताना टॅक्सीत त्यांच्याकडे बघायचं टाळत असे.

एका शुक्रवारी माझी लहान मुलगीही बरोबर होती. काचेत एक नवीन जुनी दुनळी आली होती, नळ्यांमागे काडतुसावर आपटणारे दोन घोडे बाहेरून दिसणारी. मामा नेहमीसारखे पुढे गेले नाहीत. दहा पावलांवरच थांबले आणि दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घट्ट बांधले.

"खोबरेलाचा वास येतोय," ते म्हणाले.

"पापा, इट स्मेल्स लाइक आजीज हेअर," मुलगी म्हणाली.

वास मलाही आला. सेल्समन केरळचा, त्याच्याच डोक्याचा असेल, अशी मी समजूत करून घेतली. मग त्याच्या डोक्याकडे पाहिलं. तुळतुळीत टक्कल.

त्याने उत्साहाने बंदूक बाहेर काढली. मामा हलक्या आवाजात म्हणाले, "भाई, इसका राइट वाला घोडा अपने आप गिरता है."

"नहीं सर, सब चेक किया है." त्याने बंदूक बिजागरीपाशी उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं दाखवलं, मिटली, दोन्ही घोडे मागे ओढले आणि ती काउंटरवरच्या हिरव्या कापडावर ठेवून हात वर केले. आम्ही चौघे बघत राहिलो. एसीची घरघर तेवढी चालू होती.

खट्.

उजवा घोडा पडला होता. "नोबडी टच्ड इट," मुलगी पुटपुटली आणि माझ्या पायाला चिकटली. सेल्समनने पुन्हा ओढला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र त्याने बंदुकीला हात लावला नाही.

मामा खाली फरशीवरच बसले आणि सांगू लागले. गावी, ते दहा वर्षांचे असताना, त्यांचा मोठा भाऊ वडिलांची अशीच बंदूक खोबरेल लावून पुसत होता. पुसून त्याने ती, काडतूस आत आणि घोडा ओढलेला, तशीच भिंतीला टेकवली आणि तो वळला. खोलीत दोघेच होते. गोळी सुटली ती भावाच्या पाठीत, आणि तो जागीच गेला. धाकट्यानेच चाप ओढला, असं सगळं गाव धरून चाललं. वडिलांनी बंदूक विकली आणि मरेपर्यंत तो विषय काढला नाही.

"मीसुद्धा तेच धरून चाललो, जावईबापू," मामा म्हणाले. "माझा हात कुठे होता तेच आठवत नाही. घोडा आपोआप पडू शकतो का, एवढंच मला इतकी वर्षं बघायचं होतं."

"हीच का ती?" मी विचारलं.

"नाही. तिच्या दस्त्यावर बाबांनी नाव कोरलं होतं. ही वेगळी. वास मात्र तोच."

सेल्समनने न सांगता बंदूक दुरुस्तीच्या खणात टाकली. मामांनी बाहेर येऊन फोनबूथ गाठला, कार्ड घातलं आणि गावी शेजाऱ्यांच्या घरी फोन लावला. त्यांच्या ऐंशी ओलांडलेल्या आईला बोलावून आणेपर्यंत बराच वेळ गेला.

"आये, घोडो आपसूक पडता गो," मामा म्हणाले. "मी बघलंय आज... होय, ह्या डोळ्यांनी... नाय, तू माका कधी इचारलंस नाय. म्हणानच सांगतंय."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने कार्डातले पैसे संपल्याची पीप वाजली आणि फोन तुटला. मामा रिसीव्हर कानाशी धरून तसेच उभे होते. मी मुलीचं बोट धरलं आणि आम्ही दोघं जरा लांब जाऊन थांबलो.