खिडकीतून टाकलेलं बोचकं

एस.टी.त जागा धरायची आमच्याकडची रीत साधी. गाडी स्टँडात वळली की धावत जायचं आणि खिडकीतून रुमाल, पिशवी, जे हातात असेल ते सीटवर टाकायचं. मग दाराशी कितीही रेटारेटी होवो, ती जागा तुमची. कुरुंद्याहून जाता-येता वसमतच्या स्टँडावर माझा नेम चुकलेला कुणी पाहिला नाही.

ताईला हैदराबादला दिलेलं. दोन लेकरं दगावली, तिसरं तगलं. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केल्यामुळे बाळंतपण सासरीच झालं, आणि बारशाला आई अन् मी निघालो. बोचक्यात आईने आपल्या जुन्या, मऊ लुगड्याचं शिवलेलं अंगडं-टोपडं होतं. आधी दोनदा शिवलेलं कुणाच्या अंगाला लागलंच नव्हतं. शिवाय ताईच्या सासूची जीभ तिखट. माहेरची माणसं रिकाम्या हातांनी आली असती तर ताईला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

हैदराबादच्या स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यांनी घेरलं. मी म्हटलं, बसनेच जाऊ, शहराला काय घाबरायचं! तिथल्या दखनी हिंदीची अडचण नव्हती, आमच्या बाजारातले निम्मे शब्द तिकडचेच. बराबर नंबर विचारून घेतला. बस आली, गर्दी तुटून पडली आणि मी सवयीने बोचकं खिडकीतून आत टाकलं. नेम अचूक. पण आमची एस.टी. सगळे चढेपर्यंत उभी राहते, ही राहिली नाही. कंडक्टरने घंटी मारली. बोचकं बसून गेलं, आम्ही उभ्याच.

"काहून फेकलंस गं?" आई फुटपाथावरच बसली. "आता पोरीला काय तोंड दाखवू?"

 मी ठसक्यात म्हणाले, "जाऊन जाऊन जातंय कुठं? जागा धरलेली हाय आपली."

मागून त्याच नंबरची बस आली. सगळ्या गाड्या शेवटच्या स्टॉपवर थांबतात, असं तिच्या कंडक्टरने सांगितलं. ताईचा स्टॉप वाटेतच लागला. आईने तिकडे पाहिलं नाही.

शेवटच्या स्टॉपवर बोचकं घेऊन गेलेली बस उभी होती. आत एकच म्हातारी बसलेली, शेजारच्या सीटवर आमचं बोचकं आणि त्यावर तिचा हात.

"तुमचं का हे? कुठं होता तुमी?" ती आमच्यावरच कडाडली. "जागा धरलेली हाय म्हणून सांगून सांगून घसा बसला माझा. कंडक्टर मलाच येडी म्हणून राहिला!"

आईने विचारलं, "कुठल्या तुमी?"

"कळमनुरीकडची. हितं लेकाकडं राहते." कळमनुरी म्हणजे आमच्या शेजारचाच तालुका.

"इथंच उतरायचं होतं का?"

"न्हाई. माझा स्टॉप कवाच मागं गेला. धरलेली जागा सोडून उतरू कशी?"

 आईने म्हातारीचा हात जो धरला, तो बारशाच्या घरापर्यंत सोडला नाही.

"ह्या कोण?" ताईच्या सासूने दारातच विचारलं.

"आमच्याकडच्या," आई म्हणाली.

आईने बाळाला अंगडं चढवलं आणि टोपडं म्हातारीच्या हातात दिलं. तिने ते बाळाच्या हनुवटीखाली हलकेच बांधलं. ताई घळाघळा रडत होती, आणि मीही.

पाळण्याशी बसलेल्या शेजारणीने ताईला विचारलं, "माहेरून किती जणी आल्या?"

ताईने डोळे पुसले आणि म्हणाली, "तिघी."