चौथ्या भोकातलं डिझेल

नव्वदच्या दशकात द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात मी सात वर्षं आटे घासले. लासलगावचा कांदा वाहून दमलेल्या ट्रकचं इंजिन उघडायचं, वरच्या हेडचे बोल्ट डिझेलमध्ये भिजवायचे, तारेच्या ब्रशने आट्यांतली काजळी काढायची. मग खालच्या ब्लॉकच्या भोकांत डिझेल टाकून आटे साफ करणारा टॅप फिरवायचा, हवा मारून भोकं कोरडी करायची आणि मोठ्याने म्हणायचं, "साफ!" एकाने साफ म्हटलं की आवळणाऱ्याने पुन्हा बघायचं नाही, ही आमची रीत. बघणं म्हणजे अपमान.

आवळायचा मान मिस्तरींचा. नेमक्या जोराने बोल्ट आवळायचा त्यांचा टॉर्क पाना लाकडी पेटीत असे. त्यांचे गुडघे थकले की तो मलाच मिळणार, हे मी बायकोलाही सांगून बसलो होतो. आणि एके सकाळी त्यांनी तो चांदवडहून आलेल्या, जेमतेम वर्ष झालेल्या गड्याच्या हातात दिला. "ह्याच्या हाताला कळतं," म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सात वर्षं मी काय झक मारली?

त्या दिवशी मी सगळ्या भोकांत हवा मारली, चौथ्यात मारली नाही. तळाशी डिझेल राहिलं तर बोल्ट पुरता उतरत नाही, आणि जोर लावला तर ब्लॉक तडकतो. मला ठाऊक होतं. तरी म्हणालो, "साफ!"

हेड बसलं. तो गडी एकेक बोल्ट हलक्या हाताने उतरवत गेला आणि चौथ्याला थांबला.

"मिस्तरी, आटे शिल्लक हायेत अन् बोल्ट लय जड झाला."

काढला तर बोल्ट डिझेलने निथळत होता. मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं. तो गडीच म्हणाला, "दादांनी साफ केलं व्हतं. म्याच बोल्ट न पुसता घातला."

मिस्तरी त्याला वाट्टेल ते बोलले आणि पाना माझ्याकडे दिला. त्या क्षणी मला त्याचा आणखीच हेवा वाटला. दोन महिन्यांत तो मालेगावला गेला. तिथे त्याचं मोठं नाव झालं म्हणतात. ऐकून आजही पोटात दुखतं.

आता माझं स्वतःचं गॅरेज आहे. माझे कारागीर "साफ" म्हणतात, तरी मी प्रत्येक भोकात चिंधी घालून बघतो. त्यांना राग येतो. येऊ दे. साफ म्हणणारा माणूस कसा असतो, ते मला माहीत आहे.