मॅडमचा ट्रेबल

सहाचा कार्यक्रम असला की मॅडम तीनला हजर असत. हॉलचं कुलूप उघडलेलं नसे, म्हणून पायरीवर बसून राहत. गिटारची केस खांद्याला टेकलेली, काळी बॅग दोन्ही पावलांच्या मधे. कुलूप उघडलं की आधी पाणी नाही, खुर्ची नाही. बॅगेतून टेस्टर काढून स्टेजजवळचे प्लग पॉइंट एकेक करून तपासत. सतरंज्या टाकणारा माणूस म्हणे, "सगळे चालू आहेत जी, मॅडम." त्या टेस्टर न काढताच विचारत, "आणि नाही चालला तर?"

त्यांनी प्रताप नगरातल्या एका शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवलं होतं. निवृत्तीनंतरही सगळे त्यांना मॅडमच म्हणत, भाजीवालाही, साउंडवालाही. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते. एका वर्तमानपत्रात उपसंपादक होते आणि सुट्टीच्या दिवशी गात असे. आम्ही सहा वर्षं एकत्र कार्यक्रम केले. त्यांची गिटार, माझा आवाज. सदर भागातले दोन कॅफे, वाचनालयांचे वर्धापनदिन, कोणाच्या आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस.

काळ्या बॅगेत त्यांचा मल्टी-इफेक्ट्स पेडलबोर्ड असे. मॅडम त्याला डबा म्हणत. हातभर लांबीचं यंत्र, पायाने दाबायची बटणं, एक छोटा पडदा आणि बोटांनी फिरवायचे नॉब. हे कशासाठी, असं कोणी विचारलं की त्या वर्गात सांगावं तसं सांगत: अकूस्टिक गिटारचा आवाज तारेचा नसतो, लाकडाचा असतो. तार हलते, लाकूड बोलतं. स्टेजवर मात्र आवाज गिटारला बसवलेल्या पिकअपमधून वायरने स्पीकरकडे जातो, आणि लाकूड मागे राहून जातं. मग गिटार रबर ताणून वाजवल्यासारखी वाटते. "ह्या डब्याचं काम एकच. राहिलेलं लाकूड परत आणायचं."

पहिल्या वर्षी सदरच्या कॅफेत ऐन गाण्यात वीज एकदा झपकली. दिवे लगेच आले, पण डबा बंद पडून पुन्हा सुरू होत होता. पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं, एक रेघ हळूहळू भरत गेली, आणि तोवर मॅडम मुक्या गिटारवर हात चालवत राहिल्या. मी एकटीच गात होते. अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गेला नसेल. पुढच्या कार्यक्रमाला त्या कॉम्प्युटरला लावतात तसला यूपीएस घेऊन आल्या, रिक्षातून, मांडीवर ठेवून. त्यानंतर बॅगेत दुसरा अ‍ॅडाप्टर आला, मग तिसरी वायर, मग एक छोटा टॉर्च. बॅगेच्या झाकणाला आतून यादी चिकटवलेली होती. प्रत्येक वस्तू आत टाकताना त्या यादीवर बोट ठेवत आणि नाव मोठ्याने वाचत.

डब्यात लूपरही होता. चार ओळींची साथ वाजवायची, बटण दाबायचं, की तीच साथ फिरत राहते आणि वरून दुसरं वाजवता येतं. पुष्कळ वादक साथ घरूनच भरून आणतात. मॅडम आणत नसत. "लोकांच्या समोर वाजवलं तेवढंच परत वाजवायचं," हा त्यांचा नियम. एकदा पुढच्या रांगेतले एक गृहस्थ गाणं संपल्यावर म्हणाले, "मॅडम, मागून टेप लावली काय?" मॅडमनी त्यांना स्टेजवर बोलावलं, डब्यासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "टाळ्या वाजवा चार." ते वाजवत असताना पायाने बटण दाबलं. मग त्यांच्याच टाळ्या हॉलभर फिरत राहिल्या. "आता सांगा, टेप कोणाची आहे?" ते गृहस्थ नंतर आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला येत.

आणखी एक सवय होती, आणि पुढचं सगळं तिच्यामुळे समजलं. डब्यात केलेली जुळवणी साठवून ठेवता येते. बाकीचे लोक जुन्या जुळवणीवरच नवी लिहितात. मॅडम प्रत्येक ठिकाणासाठी नवी जागा वापरत, तिला हॉलचं नाव आणि महिना देत आणि जुनी तशीच ठेवत. "पुसायचं नाही काहीच. नवीन बिघडलं तर मंग कुठं जाशीन?"

पाचव्या वर्षाच्या शेवटी साउंडवाल्या बबलूभाऊंनी मला चहाच्या टपरीवर बाजूला घेतलं. आमच्या बहुतेक कार्यक्रमांना मिक्सरवर तेच असत. "ताई, बुरा मत मानना. मॅडम का गिटार कान में घुसता है. मैं इधर से ट्रेबल काटता, वो उधर से और बढ़ाते. मैं फिर काटता." ट्रेबल म्हणजे आवाजाची वरची, चकाकणारी बाजू. ती कमी पडली तर गिटार दबते, जास्त झाली तर टोचते. मी विचारलं, मॅडमना सांगितलं का? बबलूभाऊ कप खाली ठेवत म्हणाले, "आप बोलो ना. मेरी हिम्मत नहीं."

मी बोलले नाही. त्यानंतर मात्र गाताना माझं लक्ष श्रोत्यांकडे जाऊ लागलं. स्पीकरसमोरच्या बाई कानाजवळ हात नेत. एक माणूस मुलीला उचलून मागच्या रांगेत गेला. ज्या घरगुती कार्यक्रमांना बबलूभाऊ नसत, तिथे लोक लवकर उठत. मॅडमनाही ते दिसे. त्या परतताना रिक्षात विचारत, "काहून वं, आज लोक उठून काहून गेले?" मी म्हणे, उद्या सोमवार आहे.

त्याच सुमारास सदरच्या एका छोट्या हॉलमधला रविवार सकाळचा कार्यक्रम ठरला. हा वेगळा होता. मॅडमचे वडील वस्तीतल्या गायन पार्टीचे मुख्य गायक होते. चौदा एप्रिलला आणि दसऱ्याच्या आसपास पार्टीला उसंत नसे. वडिलांनी स्वतः रचलेली बारा गाणी त्यांच्या वहीत होती. चाली कुठेच नोंदलेल्या नव्हत्या, कधी ध्वनिमुद्रित झाल्या नव्हत्या. मॅडमनी त्या आठवून गिटारवर बसवल्या होत्या. पार्टीतले तिघेजण अजून हयात होते आणि तिघेही येणार होते. चाल बरोबर की चूक, हे सांगू शकणारी तेवढीच माणसं उरली होती. मॅडम म्हणत, "त्यायले बाबाचे शब्द ऐकू गेले पाहिजे. बाकी मले काही नाही पाहिजे." महिनाभर त्या नीट झोपल्या नाहीत, असं त्यांच्या मुलीने मला फोनवर सांगितलं.

कार्यक्रमाला तीन आठवडे होते. मॅडम तारा बदलत होत्या आणि चष्मा आत राहिला होता. त्या म्हणाल्या, "प्रताप नगरच्या हॉलची जुनी सेटिंग काढ जरा." मी डब्यातल्या जागा मागे मागे नेत गेले. प्रत्येक जागेवर पडद्यावर नॉबांचे आकडे दिसत. पहिल्या दोन वर्षांत ट्रेबल सगळीकडे साडेचार होता. तिसऱ्या वर्षी पाच. मग साडेपाच, सहा, सात. शेवटच्या कार्यक्रमाला साडेआठ. हॉल लहानमोठे होते, स्पीकर वेगळे होते, गिटार तीच होती. आकडा एकदाही खाली आला नव्हता. मी ते आकडे मोबाइलमध्ये उतरवून घेतले आणि जुनी सेटिंग सापडल्याचं सांगितलं.

पुढच्या दोन सरावांत मी काही बोलले नाही. तिसऱ्या सरावाला कागदावर आकडे लिहून नेले आणि त्यांच्यापुढे ठेवले. मॅडमनी कागद दोनदा वाचला.

"तारा जुन्या झाल्या की आवाज दबतेच."

"तारा तुम्ही दर महिन्याला बदलता."

"मंग डबा जुना झाला असन."

"बबलूभाऊ दोन वर्षांपासून मागून ट्रेबल कापून राहिले, मॅडम."

त्यांनी कागद घडी करून वहीत ठेवला. वाद घातला नाही, प्रयोग मांडला. मोबाइलवर एकच सूर वाजवणारं आणि तो चढवत नेता येणारं अ‍ॅप घेतलं, मोबाइल सरावाच्या स्पीकरला जोडला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसल्या. "ऐकू येईन तोवर बोट वर. बंद झालं की खाली. तू चढवत जा."

मी सूर चढवत गेले. बोट वर होतं. शिट्टीसारखा बारीक झाला तसं बोट खाली आलं. मला तो स्पष्ट ऐकू येत होता. मी आणखी चढवला. कानात दुखू लागलं. मॅडम पाठमोऱ्या, शांत बसून होत्या.

"थांबली काहून? लाव ना वं पुढचा."

त्याच वेळी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून आवाज दिला. "ओ मॅडम! कुकर बंद करा ना जी, कवाची शिट्टी वाजून राहिली!"

मी सूर थांबवला. मॅडम वळल्या. मोबाइलच्या पडद्यावरचा आकडा पाहिला आणि तो आकड्यांच्या कागदामागे लिहून ठेवला. मग खिडकीशी जाऊन खाली म्हणाल्या, "केला बंद."

परत येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "तुले कधीपासून माहीत होतं?"

"आकडे दहा-बारा दिवसांपूर्वी पाहिले. बबलूभाऊ बोलले त्याला सहा महिने झाले."

"सहा महिने." त्या गिटारची वायर गुंडाळू लागल्या. "सोमवार आहे म्हणे उद्या."

डॉक्टरांच्या तपासणीत तेच निघालं. वरचे सूर दोन्ही कानांतून गेले होते आणि परत येणार नव्हते. यंत्रं बसवता येतील, पण त्यांची सवय व्हायला काही महिने लागतील. कार्यक्रमाला सहा दिवस राहिले होते. मला वाटलं, रद्द करतील. मॅडमनी दुसऱ्या दिवशी सरावाला बोलावलं. "ट्रेबल तू लाव," त्या म्हणाल्या आणि डब्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मी नॉब फिरवत फिरवत साडेचारच्या जरा खाली आणला. त्यांनी एक गाणं वाजवून पाहिलं आणि हात थांबवला.

"गोधडीत गुंडाळल्यासारखी वाजून राहिली ही. अशीच ऐकू जाते लोकायले?"

"लोकांना नाही. लोकांना लाकूड ऐकू येतं."

"खरं?"

"खरं."

त्यांनी बॅगेतून काळी चिकटपट्टी काढली आणि तो नॉब स्वतःच्या हाताने झाकून टाकला. बबलूभाऊंना फोन करून सांगितलं, "भाऊ, इतवारको काटना मत कुछ."

एक अडचण उरली होती, ती सरावातच दिसली. आवाज दबलेला वाटला की मॅडमचा उजवा हात आपोआप मागे, घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, दिशेने सरके. तिथे तार कडक असते आणि आवाज टोकदार येतो. नॉब झाकला तरी हात मोकळा होता. म्हणून ठरलं की हात सरकला की मी ओढणी सावरायची. त्या आता पडद्याकडे न पाहता माझ्याकडे पाहणार होत्या.

रविवारी हॉल भरला. गायन पार्टीतले तिघे पहिल्या रांगेत होते. सगळ्यात मोठे ढोलकवाले काका, हातात काठी. पहिल्या चार गाण्यांत मी ओढणी तीनदा सावरली आणि तिन्ही वेळा हात परत जागेवर आला. काका ओठ हलवत होते. सातव्या गाण्याला ते काठी जमिनीवर टेकवून ठेका धरू लागले. अकराव्याला तिघेही गात होते आणि मी माझा आवाज खाली घेतला. मॅडम या सबंध वेळात माझ्या खांद्याकडे पाहत होत्या. कार्यक्रम संपल्यावर काकांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "पोरी, एक शब्द नाही वं सुटला." मॅडम त्यांच्या ओठांकडे पाहत होत्या.

त्यानंतर आम्ही एकत्र कार्यक्रम केला नाही. दोन महिन्यांनी त्या मुलीकडे रायपूरला राहायला गेल्या. कानात यंत्रं आहेत. फोनवर सांगतात, माणसं नीट ऐकू येतात, गिटार पत्र्याची वाटते. माझ्या बदललेल्या सवयी मोजायच्या झाल्या तर एकच सांगता येईल: कोणी विचारलं की मी उद्याच्या सोमवारावर ढकलत नाही.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. टेबलावर वही उघडी होती, बारा गाण्यांची नावं एकाखाली एक लिहिलेली आणि पुढे जागा सोडलेली. त्या म्हणाल्या, "मी दीड तास वाजवलं, पण लोकायनं काय ऐकलं ते मले माहीत नाही. सांग." मी एकेक गाणं सांगत गेले. पहिलं भरीव, तिसऱ्यात खालच्या तारा चांगल्या उठल्या, चौथ्यात शब्द मोकळे. त्या लिहीत होत्या. मधूनमधून पेन थांबवून माझ्याकडे पाहत. चेहरा सैल होत नव्हता.

"पाचवं?"

"पाचव्याची सुरुवात टोचली. मी पाणी पीत होते, ओढणी सावरायला उशीर झाला. काकांनी मान मागे घेतली."

पेन थांबलं. "किती वेळ?"

"एक ओळ. दुसऱ्या ओळीला हात जागेवर आला होता."

मॅडमनी तेवढंच लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. मग तिथे बसल्यापासून पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकवली.

"मंग बाकीचंही खरं आहे," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा पहिल्यापासून सांग."